एकादशी सोडायची राहिली होती

तीर्थरूप नानामामांना,

तुमच्या भाचीचा, पोटभर खाऊन केलेला साष्टांग नमस्कार.

पोटात काय आहे ते आधीच सांगून टाकलं, कारण तुम्ही जिथं असाल तिथूनही पहिला प्रश्न तोच विचाराल. फोन उचलला की "हॅलो" नाही, "कशी आहेस" नाही, थेट "जेवलीस का?" तुम्हाला जाऊन अकरा महिने होत आले, तरी जेवायच्या वेळेला फोन वाजला की माझा हात अजून धावतो.

पत्र लिहायला बसले, कारण आज शाळेत मी एका बाईला तुमचा प्रश्न विचारला. जेवलीस का, हा नव्हे. दुसरा. तो, जो तुम्ही मला आयुष्यात एकदाच विचारलात.

मामा, केवढा जड आहे हो तो प्रश्न! तोंडातून बाहेर काढताना माझी जीभ अडली. मी बेचाळीस वर्षांची बाई, रोज चाळीस मुलांपुढं उभी राहते. तुम्ही तर सत्तरीचे, दत्ताच्या देवळातले पुजारी. तुम्हाला तो कसा जमला? आज दिवसभर मी याच आश्चर्यात आहे.

(शुद्धलेखन तपासत बसू नका. हिंदी शाळेत शिकलेली पोर आहे तुमची. मराठी लिहितेय हेच खूप समजा.)

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्हाला सांगायची म्हणजे गंमतच, कारण ती घडवलीत तुम्हीच. पण माझ्या बाजूनं ती तुम्ही कधी ऐकली नाहीत. मी कधी सांगितली नाही, ही माझी चूक.

मला काही झालं नव्हतं, मामा. सगळे हेच विचारायचे, काय झालं? नवरा चांगला, सासूबाई चांगल्या, देवासात स्वतःचं घर, नोकरी पक्की. श्रीकांत पीथमपूरच्या कारखान्यात, आठवडाभर तिकडंच राहायचा, रविवारी घरी. भांडण नाही, तंटा नाही. आणि तरी त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या आतलं सगळं हळूहळू विझत गेलं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, अरे, अजून आहोतच का आपण? शाळेतून रजा घेतली. घास तोंडात फिरत राहायचा, गिळवत नसे.

आणि न जेवण्याला आपल्या घरांत किती सुंदर नाव आहे! उपास. सोमवार होता, चतुर्थी होती, प्रदोष होता, मार्गशीर्षातले गुरुवार होते. "आज उपास आहे" म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, उलट पाया पडतात. सासूबाई त्यांच्या भजनी मंडळात अभिमानानं सांगायच्या, आमच्या वृंदाचं व्रत म्हणजे व्रत, हल्लीच्या मुलींत असं बघायला मिळायचं नाही. मी वाळत चालले होते आणि घरात माझं कौतुक चाललं होतं.

यात तुमचाही हात होता. रागावू नका, तुम्ही स्वतःच कबूल केलंत. मी फोनवर म्हणाले होते, "मामा, मन थाऱ्यावर नाही." तुम्ही म्हणालात, "सोळा सोमवार धर. मन लागेल." तुमच्या पेटीत एवढंच औषध होतं. देवळाच्या ओट्यावरच्या काळ्या फळ्यावर चाळीस वर्षं रोज सकाळी खडूनं तिथी, वार, नक्षत्र लिहिणारा माणूस तुम्ही. धारमधल्या निम्म्या मराठी घरांचे उपासतापास तुमच्या फळ्यावर चालायचे. अमझेऱ्याहून फोन यायचे, मामा, चंद्रोदय किती वाजता?

मग ती शनिवारची सकाळ. मी तुम्हाला फोन केला. मला आजही तो आवाज आठवतो, म्हणजे माझाच आवाज, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. "मामा, द्वादशी किती वाजेपर्यंत आहे? एकादशी सोडायची राहिलीय."

पलीकडून देवळातली घंटा ऐकू आली, कुणीतरी दर्शनाला आलं असेल. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "वृंदी, आज अमावास्या आहे."

एकादशी मंगळवारी होती. बुधवार तेवढा मोकळा होता, आणि नेमक्या बुधवारी सासूबाई भजनाला गेल्या होत्या. गुरुवार मार्गशीर्षातला. शुक्रवारी दर महिन्याची शिवरात्र. चार दिवस मी चहावर होते आणि घरात कुणाला शंका आली नाही, कारण रोज काही ना काही होतंच. मलाही कळलं नव्हतं. माझ्यासाठी मंगळवार संपलाच नव्हता.

तुम्ही पुढं म्हणालात, "फोन ठेव, सासूबाईंजवळ जाऊन बस, मी येतो," एवढंच.

आता मला सांगा, तुम्ही कसे निघालात? शनिवार, अमावास्या, वर सकाळी नऊचा राहूकाळ! तुम्ही! नवा झाडू घरात आणायला मुहूर्त काढणारे, माझ्या लग्नाला टेकलेल्या आतेभावाचं लग्न दोन वर्षं लांबवणारे तुम्ही! मामी नंतर सांगत होत्या, तुम्ही हातातला खडू तसाच ठेवलात. त्या दिवशी फळ्यावर तिथी अर्धीच राहिली. पूजा शेजारच्या जोशीकाकांवर सोपवलीत आणि सव्वानऊच्या इंदूर बसमध्ये जाऊन बसलात. चाळीस वर्षांत न चुकलेली पूजा!

बसमध्ये बसण्याआधी तुम्ही आणखी एक काम केलंत, ते मला फार उशिरा कळलं. देवळासमोरच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मदतीचा नंबर रंगवलेला होता. मन फार बिघडलं, जीव नकोसा झाला तर फोन करा, असा. वर्षभर तो तुमच्या डोळ्यांपुढं होता. त्या सकाळी तुम्ही तो लावलात. पलीकडच्या बाईंना सगळं सांगितलंत आणि विचारलंत, "पोरीला मी विचारू काय? आणि कसं विचारू?" त्यांनी सांगितलं, घुमवून फिरवून नको, सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. आणि उत्तर काहीही आलं तरी तिला एकटी सोडू नका, आजच दवाखान्यात न्या.

त्यांनी वाक्य हिंदीत सांगितलं. तुम्ही ते इंदूरपर्यंत पाठ करत आलात. ओठ हलवत, पुटपुटत, स्तोत्र म्हणावं तसं. शेजारच्या प्रवाशानं दोन-तीनदा ते ऐकलं, तुमच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं, आणि "बाबाजी, कछु टेंशन है के?" असं म्हणून पाण्याची बाटलीच तुमच्या हातात दिली. हे तुम्ही मला नंतर सांगितलंत तेव्हा केवढे हसलात! मीही हसले. कितीतरी महिन्यांनी हसले होते.

पाऊण वाजता तुम्ही दारात. घामाघूम, डिसेंबरात. सासूबाई म्हणाल्या, "अहो, अमावास्येचे कुठं निघालात?" तुम्ही चप्पलसुद्धा नीट काढली नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर मांडी घातलीत, माझे दोन्ही हात धरलेत.

ज्या माणसाच्या घरात हिंदीचा शब्द निघाला की "हे काय भांडं पडलं?" असं ऐकावं लागायचं, तो माणूस मला हिंदीत म्हणाला, "बेटा, मर जाने का मन करता है क्या?"

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून वाटी पडली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नजर हलवली नाहीत. रडला नाहीत, "छे छे, असं काही नसेलच" म्हणाला नाहीत. नुसते थांबलात.

मी म्हणाले, "हो."

किती हलकं वाटलं, मामा! तो "हो" महिनाभर छातीवर बसला होता, तो कुणीतरी उचलून खाली ठेवला. तुम्ही मान डोलावलीत, जणू मी एखादी साधी गोष्ट सांगितली, आणि म्हणालात, "बरं. चल, डॉक्टरांकडे जायचं."

मग माझ्या सबबी सुरू झाल्या. उद्या जाऊ. सोमवारी जाऊ. श्रीकांत येऊ दे. शेवटी मी तुमचंच शस्त्र तुमच्यावर काढलं, "मामा, आज अमावास्या आहे, आज नको." सासूबाईंनी तेच उचललं, "आणि त्या वेड्यांच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील?" तुम्ही हात जोडलेत, "विहीणबाई, अमावास्येचा जो काही दोष असेल तो माझ्या माथी. लोकांचाही माझ्याच माथी." आणि मला म्हणालात, "चप्पल घाल."

रिक्षात तुम्ही एकच गोष्ट बोललात. "उपास मीच देत गेलो तुला. ताप आलेल्या पोरीवर पांघरुणावर पांघरूण टाकत गेलो." तुमचा आवाज फुटला तो तेवढाच. त्यावर मी काही बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. निदान हात दाबायचा होता तुमचा.

दवाखान्यात ओपीडी संपत आली होती. चिठ्ठीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "बाबा, सोमवार को लाना, डॉक्टर साब उठ रहे हैं." तुम्ही खिडकीवर दोन्ही कोपरं टेकवलीत. "भिया, पंचांग देखना मेरा धंधा है. मैं सोमवार तक का भरोसा नहीं दे सकता. आज दिखाना है." त्यानं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठी फाडली. डॉक्टरीणबाई खरंच पर्स उचलून उभ्या होत्या. तुम्ही दारातच त्यांना ते वाक्य सांगितलंत, भाचीनं काय उत्तर दिलं तेही सांगितलंत. त्यांनी पर्स खाली ठेवली, खुर्ची पुढं ओढली.

तासभर बोलल्या त्या माझ्याशी. उपास बंद, औषध रोज, एकटीनं राहायचं नाही, सोमवारी पुन्हा यायचं. आणि तुम्हाला म्हणाल्या, "आज लाए, बहुत अच्छा किया." तुम्ही लहान मुलासारखे लाजलात.

आणि मग ते बाहेरचं. ते आठवलं की मला आजही नवल वाटतं. तुम्ही, सोवळ्यातले, जन्मात कधी बाहेरचं खाल्लं नाहीत. लग्नकार्यातसुद्धा स्वतःचा शिधा घेऊन जायचे, प्रवासात केळ्यावर राहायचे. दवाखान्याबाहेर पोह्यांची गाडी होती. तुम्ही म्हणालात, "चल, एकादशी सोडू." मी म्हणाले, मला जाणार नाही. तुम्ही गाडीवाल्याला म्हणालात, "दो प्लेट." कागदावरचे पोहे हातात घेतलेत, वर शेव, वर जीरावन मसाला. "तू एक घास, मी एक घास," म्हणालात, आणि माझ्यासमोर पहिला घास तोंडात घातलात.

अमावास्येच्या दुपारी, भर रस्त्यात, चप्पल घालून, उभ्यानं! मी बघतच राहिले. देवळातली दत्ताची मूर्ती खाली उतरून पोहे खायला लागली असती तरी मी इतकी चकित झाले नसते. मग मीही घास घेतला. चार दिवसांनी. आणि तुम्ही चावता चावता म्हणालात, "अगं, बरे लागतात की! सत्तर वर्षं फुकट घालवली."

तीन आठवडे राहिलात तुम्ही देवासला. मी म्हणायची, मामा, देवाची पूजा खोळंबली असेल. तुम्ही म्हणायचात, "देव काय पळून जातोय? बसलाय तिथंच." सकाळी मला हाताला धरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालवायचात. सासूबाईंनाही तुम्हीच बदललंत. त्या माझ्या गोळ्या वेळेवर द्यायला लागल्या, आणि भजनी मंडळात "आमच्या वृंदाला बरं नाही, औषध चालू आहे" असं खणखणीत आवाजात सांगायला लागल्या. बरं व्हायला मला दीड वर्ष लागलं. मधे दोनदा पुन्हा घसरले. दोन्ही वेळा मीच फोन केला, आधी डॉक्टरांना, मग तुम्हाला.

धारला परत गेल्यावर तुम्ही फळ्यावर तिथीच्या खाली एक ओळ वाढवलीत. "मन फार जड झालं तर," आणि पुढं तो नंबर. गल्लीतले लोक हसले. एका बाईंनी विचारलं म्हणे, "गुरुजी, हा आकडा कितीदा जपायचा?" तुम्ही म्हणालात, "एकदाच. पण फोनवर."

आता रागाचं बोलू का? बोलतेच. माझ्यासाठी राहूकाळात घर सोडणारा माणूस स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा काय म्हणाला? "आरती होऊ दे." मामी सांगतात, तुम्ही कापूर लावलात, आरती पुरी केलीत, प्रसाद वाटलात, आणि मग ओट्यावर बसलात ते उठलाच नाहीत. का, मामा? माझ्या वेळी देव बसून राहणार होता, मग तुमच्या वेळी तो कुठं चालला होता? माझ्यासाठी जी घाई केलीत त्यातली चिमूटभर स्वतःसाठी का नाही केलीत? मी फार भांडले तुमच्या फोटोशी. अजून भांडण मिटलेलं नाही.

तर आज. रेखा, आमच्याच शाळेतली, तिसरीला शिकवते, टोंकखुर्दची. गेले काही दिवस गप्प गप्प होती. काल तिनं सगळ्या वह्या तपासून टाकल्या, पुढच्या महिन्यात तपासायच्या होत्या त्यासुद्धा. आज सकाळी तिची नवी शाल तिनं माझ्या खुर्चीवर ठेवली. "जीजी, आप रख लो, मुझे अब क्या करना." आणि हसली. ते हसू मी ओळखते, मामा. ते मी आरशात पाहिलेलं आहे.

मधल्या सुट्टीत तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. दार लोटलं. तिचे हात धरले. आणि मला स्वतःचे शब्द सुचेनात, म्हणून तुमचंच वाक्य, तुमच्याच हिंदीत, जसंच्या तसं विचारलं.

मी थांबले. तुम्ही थांबला होतात म्हणून मला थांबता आलं. मग ती म्हणाली, "आपको कैसे मालूम?" मी म्हणाले, "मुझसे भी किसी ने पूछा था." ती माझ्या खांद्यावर कोसळली.

पुढचं मला येत होतं. तिथूनच त्या नंबरवर फोन लावला, पलीकडची ताई आम्ही निघेपर्यंत रेखाशी बोलत राहिली. मोठ्या मॅडमना खरं ते सांगितलं, डोकं दुखतंय वगैरे नाही. त्यांनी आमचे वर्ग सांभाळले. रेखाच्या भावाला टोंकखुर्दहून बोलावलं आणि आम्ही दोघी दवाखान्यात. बाहेरचा बाक तेव्हाचाच आहे मामा, एक पाय मोडलेला, खाली वीट लावलेला. डॉक्टर नवे आहेत. त्यांनी नीट ऐकलं, औषध दिलं, आज तिला एकटी सोडायची नाही म्हणाले. भाऊ तोवर धापा टाकत पोचला होता. तो आठ दिवस तिच्याजवळ राहणार आहे. परवा दाखवायला मी बरोबर जाणार आहे.

बाहेर आलो. पोह्यांची गाडी अजून आहे. रेखानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. मी प्लेट तिच्या हातात दिली, तर ती म्हणाली, "जीजी, आप खाओगी तो खाऊँगी."

मी घड्याळ पाहिलं नाही, पंचांग पाहिलं नाही. पहिला घास मी घेतला, दुसरा तिनं.

आज एकादशी होती, मामा. तुमच्यामागे मी तेवढा एकच उपास धरलाय, डॉक्टरांना विचारून, दोन्ही वेळा फराळ करून. तुमच्यासाठी धरलेला होता. तो आज भर रस्त्यात, उभ्यानं, चप्पल घालून पोहे खाऊन मोडला.

तुमच्यामागे देवळात आलेल्या नव्या गुरुजींनी फळ्यावरची ती ओळ पुसली आहे. त्यांना काय माहीत! येत्या रविवारी मी धारला येतेय, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. या वेळी खडूनं नाही लिहिणार. आणि तुमचा प्रश्न मी विचारत राहीन. जीभ अडली तरी, अमावास्या असली तरी. उत्तर "हो" आलं तर त्याच पावली चप्पल घालीन, आणि समोरची खाईपर्यंत माझी एकादशी पाहिजे तितक्या वेळा मोडीन. हे तुम्हाला वचन.

तुमची, जेवलेली,
वृंदी